मधली पट्टी

लेकाने, वर्कीने, न विचारता माळ्याला हात घातला, याचाच कुंजेलीला संताप आला होता. चुलीवरच्या त्या माळ्यावर नऊ वर्षं धुरात वाळलेल्या फणसाच्या दोन फळ्या तिच्या स्वतःच्या शवपेटीच्या तळासाठी होत्या. नवऱ्याने मरण्याआधी एकाच ओंडक्यातून चिरून ठेवलेल्या. गावात कोणाचंही माणूस गेलं की शवपेटी याच घरातून जायची. आंब्याची, रबराच्या लाकडाची, ज्याची जशी ऐपत तशी. पण त्या दोन फळ्यांना बोट लावायचं नाही, हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

"रोसासाठी घेतल्यात, अम्मची," सून दारातून हळूच म्हणाली. "बाकी लाकूड ओलं आहे."

"कोण रोसा?" कुंजेली म्हणाली, आणि मुंडूचा घोळ खोचून शेडकडे निघाली.

निरोप सकाळीच आला होता. सहा वर्षांपूर्वी योहन्नानशी लग्न करून त्याच्या पंथात गेलेली लेक रोसा इस्पितळात वारली. कुंजेलीने निरोप ऐकला होता आणि पुन्हा मासळी साफ करायला बसली होती.

शेडमध्ये वर्कीने दोन्ही फळ्या रंधून कडेला कड भिडवून ठेवल्या होत्या. बाहेरच्या बाजूला चार बोटांची तिसरी पट्टी लावून बघत होता. चिकटवायचा सरस अजून लावला नव्हता.

"चोरा! बापाने चिरलेलं लाकूड ते."

वर्की पट्टीची कड बोटाने चाचपत राहिला.

"आणि ही चिंधी कशाला जोडतोस? दोन फळ्यांत माझ्यासारखी म्हैस मावली असती. ती तर काडी होती."

"मावली असती."

"मग?"

वर्की हातावरचा भुसा झटकू लागला. भुसा गेला तरी झटकतच राहिला.

"योहन्नान म्हणतो, बाळाला वेगळी पेटी नको. तिच्या कुशीतच ठेवू."

कुंजेलीने बाकाची कड धरली.

"मुलगा?"

"मुलगी. रडलीसुद्धा नाही म्हणे."

"तिला दिवस गेलेत, हे तुला ठाऊक होतं."

"पाचव्या महिन्यापासून. तुझ्या हातचं कैरीचं लोणचं मागितलं होतं तिने. बरणीतलं नेऊन दिलं."

त्या अर्ध्या झालेल्या बरणीवरून कुंजेलीने सुनेला दोन दिवस फैलावर घेतलं होतं.

तिने कडेची पट्टी उचलली.

"कडेला लावलीस तर बाजूची फळी ठोकताना सगळे खिळे हिच्यातच जातील. दोन ठोक्यांत फुटेल. इतकी अरुंद पट्टी कडेला लावतात कधी? बापाकडून हेच शिकलास?"

दोन्ही फळ्या बाजूला सारून तिने ती मधे बसवली. एका फळीतून दुसरीत गेलेल्या लाकडाच्या रेषा तुटल्या. तिने तिकडे बघितलं नाही. खाली वाकून, एक डोळा मिटून, दोन्ही सांध्यांमधून उजेड येतो का ते पाहिलं.

"लाव सरस."

त्याने लावला. तिने पट्टी धरली, त्याने फळ्या पुढेमागे घासून घट्ट बसवल्या, शिकंजे आवळले. सांध्यातून बाहेर आलेला सरस ती ओल्या फडक्याने पुसत गेली. एकदा पुसलं, तरी पुन्हा त्याच जागी पुसलं.

"विचारलं असतं," वर्की म्हणाला, "तर दिल्या असत्यास?"

कुंजेलीने फडकं पिळलं.

"नसत्या दिल्या. पण विचारायचं होतंस. ती गरोदर होती तेव्हाही, आजही. नाही म्हणाले असते, दहा शिव्या घातल्या असत्या. त्यापुढे मी काय केलं असतं, ते तुला काय ठाऊक? मला ठाऊक नाही, तर तुला कुठून असणार? तुम्ही भावाबहिणींनी मिळून मला जिवंतपणीच मेलेली धरलंत, वर्की. ती गेली. तुला मी माफ करणार नाही."