लोकरीला विटाळ नाही

मित्रांनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. जवळ बसा, पण मला नाकाशी धरू नका. का ते सांगते.

माझा जन्म घोटावड्याचा. सिद्धू धनगराच्या मेंढ्यांची लोकर त्याच्या आईनं, तुकाबाईनं, कातली. सनगरानं मागावर विणली आणि चिंचोक्याची खळ देऊन मला कडक केलं. काय तोरा होता तेव्हा माझा! देवाची तळी माझ्यावर भरत, पाहुण्यांना माझ्यावर बसवत. तुकाबाई कौतुकानं सांगे, "लोकरीला इटाळ न्हाई. हिला धुवायचं कारनच न्हाई." ते ऐकून मी फुगून जाई.

१९२० च्या पावसाळ्यात सिद्धू मला डोक्यावर घेऊन दोन महिने मेंढ्यांमागे हिंडला. मी चिंब भिजले. वाळवायला ऊन नव्हतं, म्हणून मला तशीच घडी करून माळ्यावर पेंढ्यात कोंबलं. तिथे माझ्या घड्यांत हिरवट-काळी बुरशी धरली. माझी खळ तिला फारच मानवली. मला उलगडून कुणी पाहिलं नाही.

भादव्यात मानमोडी आली. दोन वर्षांपूर्वी घरंच्या घरं ओस पाडणारा तोच ताप. सिद्धू अंथरुणाला खिळला. त्याला घाम यावा म्हणून तुकाबाईनं मला खाली काढलं.

सून बायजा म्हणाली, "आत्याबाई, कुबट वास येतुया. चुलीम्होरं वाळवू का जरा?"

"आगं, लोकर हाय ती. तिला काय हुतंय?" म्हणत तुकाबाईनं मला लेकाच्या डोक्यावरून ओढलं. चार दिवस तो माझ्याखाली धापा टाकत होता. माझी धूळ त्याच्या छातीत जात होती आणि मला ती आवरता येत नव्हती. त्याची मला अजून लाज वाटते.

ताप उतरला. सिद्धूनं भाकरी मागितली, तेव्हा दोघी सासवासुना हसल्या. पण आठवड्यात खोकला उलटला. थुंकीत रक्त दिसू लागलं आणि करडे कणही. पौडहून डॉक्टर आले. त्यांनी छाती ऐकली, मग मला अंगणात नेऊन झटकलं आणि उडालेल्या धुळीकडे पाहत राहिले. तुकाबाई आत लेकापाशी होती. ते बायजाला हळूच म्हणाले, "तापानं छाती पोखरली, बाई. त्यात या बुरशीनं घर केलं असावं. माझ्याकडे यावर औषध नाही."

तिसऱ्या दिवशी सिद्धू गेला.

बायजानं मला नदीवर नेऊन आपटून धुतलं. त्याला आता सात वर्षं झाली. ऊन पडलं की ती मला कुंपणावर टाकते.

"लोकरीला कशापायी धुतीस? इटाळ नसतुया तिला," तुकाबाई कुरकुरते.

"व्हय, आत्याबाई. हात रिकामं हायेत म्हनून," बायजा म्हणते. खरं कारण तिनं म्हातारीला कधीच सांगितलं नाही.

मित्रांनो, पांघरूण ओलं राहिलं तर त्याला आधी ऊन दाखवा. आजाऱ्याच्या अंगावर कुबट काही घालू नका. माझं मागणं एवढंच आहे.

तुकाबाई हल्ली मलाच पांघरते. मला कुरवाळत म्हणते, "माज्या लेकराला शेवटाला हिनंच ऊब दिली."