उघडा डोंगर

रश्मीताई पुण्याच्या एका संस्थेकडून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की परदेशी पाहुण्यांना उघडा डोंगर दाखवायचा आहे. गावाला ते पटलंच नाही. पाहणी म्हटली की शाळेला चुना लावायचा, गटारावर फरशी टाकायची आणि साहेबाला गावातलं सगळ्यात बरं ते दाखवायचं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. उघडं काय दाखवायचं? बाई शहरातली, भिडेखातर बोलली असेल, असं म्हणून सरपंच भाऊसाहेबांनी हिरवा डोंगर दाखवायचं ठरवलं.

तो डोंगर म्हणजे आमच्या बोरमाळचं गायरान. सुप्याकडून गावाकडे वळलं की समोरच दिसायचा. ब्याण्णव साली गावानं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. डोंगरावर झाड तोडायचं नाही, जनावर सोडायचं नाही. खंडोबाच्या देवळात घरटी एका माणसानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. आम्ही बौद्ध. आमच्या आळीनं समाजमंदिरात बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभं राहून शब्द दिला. आणि राखणदार म्हणून गावानं माझ्या नवऱ्याला नेमलं, भीमराजला. नवऱ्याचं नाव घेते म्हणून सासू बोलायची. आता ती नाही आणि मी खुशाल घेते.

त्यालाच का नेमलं? दुसऱ्या कुणाला नेमलं असतं तर भावकीत भांडणं लागली असती. भीमराज त्यांच्या कुणाच्याच भावकीत नव्हता. आधी लोक त्याला 'ए भिम्या' म्हणून हाक मारायचे. भाऊसाहेबांचा सख्खा पुतण्या सूर्यभान एकदा खैर तोडताना सापडला. भीमराजनं त्याची कुऱ्हाड काढून घेतली आणि सरळ पंचायतीत आणून ठेवली. सूर्यभानला मान खाली घालून दंड भरावा लागला. त्यानंतर सगळं गाव 'भीमराजभाऊ' म्हणायला लागलं. मी त्या दिवशी घरात गेले, दार लावून घेतलं आणि पोटभर हसले.

सहा वर्षांत डोंगर भरला. खैर, हिवर, बोर, कडुनिंब, सीताफळ. लावलं कुणीच नव्हतं. राखलं म्हणून आलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर रश्मीताई पाहुण्याला घेऊन आल्या. हवेतला धूर कमी करायचा म्हणून आदल्या वर्षी देशोदेशीची सरकारं जपानात जमली होती म्हणे. पाहुण्याची कंपनी त्यांच्या देशात कोळसा जाळून वीज करायची. तो धूर हवेतून परत ओढून घ्यायला कंपनी आपल्याकडच्या माळांवर झाडं लावणार आणि झाडांनी ओढलेला धूर स्वतःच्या नावावर जमा धरणार. धूर त्यांचा, माळ आमचा. ऐकून मला हसूच आलं. पण गावाला पाच वर्षं लावणीची मजुरी मिळणार होती आणि ओढ्यावर बंधारा होणार होता. बंधारा झाला की उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन पळायचं संपलं. मग मी हसायची बंद झाले.

पाहुण्याला फेटा बांधला, पोरांनी लेझीम खेळली, हलगी वाजली. भीमराजनं धुतलेला सदरा घातला होता. त्यानं पाहुण्याला पार डोंगराच्या खांद्यापर्यंत नेलं, आम्ही बायका पाण्याची कळशी घेऊन मागून. एका खैराला हात लावून पाहुण्यानं काहीतरी विचारलं. रश्मीताईंनी मराठीत सांगितलं, "हे सगळं कुणी केलं, असं विचारताहेत."

"गावानं राखलं. म्या पहारा केला," भीमराज म्हणाला. "सहा वर्सं झाली."

रश्मीताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे हे तुम्ही आधीच केलंय."

"व्हय!" भीमराज म्हणाला. त्याला ती शाबासकीच वाटली.

पाहुणा वही मिटून खाली उतरायला लागला. पारावर चहा घेताना रश्मीताईंनी कसंबसं समजावलं. पैसे मिळाले नसते तर जी झाडं उभीच राहिली नसती, तेवढीच कंपनी धरणार. आमची तर पैशाशिवाय उभी होती.

"म्हंजी आमी आदीच शाने झालो, ही आमची चूक?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"चूक नाही हो. नियम तसा आहे."

"आन् डोंगर उगडा आसता तर?"

"मग बसला असता नियमात," रश्मीताई म्हणाल्या. खरं तेच बोलल्या. त्यांना दोष द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण तो नीटसा लागत नाही. त्याच संध्याकाळी त्यांची जीप शेजारच्या गावाला गेली. त्या गावानं आपला डोंगर कधीच बोडका केला होता आणि सरपणाला चोरून आमच्याकडे येत होतं. त्यांचं नशीब उघडलं म्हणून आमच्या गावाला जेवण गेलं नाही.

भाऊसाहेबांनी गाव बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याही घरची बाई टँकरला उभी राहायची. ते म्हणाले, "सरकारात दर वर्साला सायेब बदलतो. ह्यांच्यातबी तसंच आसनार. फुडच्या साली दुसरा येईल, त्याला उगडा डोंगर दावू. झाडं काय, पुन्ना येत्यात. बंदारा पुन्ना येनार न्हाई."

खरं सांगायचं तर बंधारा सगळ्यांनाच हवा होता. मग खंडोबाला कौल लावला, कौल उजवा आला. तळी उचलली, खोबरं-भंडारा उधळला आणि सगळ्या गावाची शपथ सुटली. आमच्या आळीतल्यांनी आपापसात माना डोलावल्या आणि गावाबरोबर आम्ही, असं म्हणून ते मोकळे झाले. भीमराज तेवढा देवळाबाहेर उभा होता.

"भीमराज, तुज्या शपतेचं तुमच्यात काय करत्यात ते करून घे," भाऊसाहेब म्हणाले.

"आमच्यात सोडवायला देव न्हाई, भाऊसाहेब," तो म्हणाला. "शबुद माजा म्याच दिलेला. मला कोन सोडवनार?"

दोघंतिघं हसले. थट्टा म्हणून नाही, काय करावं ते न कळून.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत सगळं गाव डोंगरावर. भीमराज पायवाटेवर आडवा उभा राहिला. एकेकाला नाव घेऊन सांगत होता. "सहादेव, नगं. केशरबाई, नगं गं, माघारी जा." लोक खाली बघत बाजूनं जात होते. सूर्यभान आला तेव्हा यानं त्याच्या कुऱ्हाडीला हात घातला. सूर्यभाननं त्याला ढकललं, हा सराट्यांत पडला. "भिम्या, बाजूला हो," सूर्यभान म्हणाला. फार जोरात नाही म्हणाला. मी धावत जाऊन याला उठवलं. हाताचे काटे काढायला गेले तर यानं हात ओढून घेतला.

होळीच्या आत डोंगर संपला. लाकूड टेम्पोनं नगरला गेलं, फांद्या घराघरात गेल्या. खाली राहिले खुंट आणि वाळकं गवत. तेही कुणीतरी पेटवलं.

दुसरा साहेब आला नाही. मे महिन्यात एकट्या रश्मीताई आल्या, त्याही एसटीनं.

"कंपनी थांबलीय," त्या म्हणाल्या. "झाडांनी ओढलेला धूर मोजायचा की नाही, यावरच देशांचं भांडण चाललंय. ते मिटेपर्यंत कुणी पैसे घालणार नाही. शेजारच्या गावालाही नाहीच म्हटलंय."

"कदी मिटंल?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वर्ष, दोन वर्षं. मिटेलच असंही नाही."

एवढं बोलून त्यांनी वर डोंगराकडे बघितलं. त्या पारावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. "मी कापा म्हटलं नव्हतं," असं त्या म्हणाल्या. कुणी 'म्हटलं होतं' असं म्हणालंही नाही. मी त्यांना पाणी दिलं. टँकरचं, गढूळ.

हिरवा डोंगर कापल्याची बातमी नगरच्या एका पेपरात आली. मग तलाठी पंचनाम्याला आले. गायरान सरकारचं, झाडंही सरकारची. सगळं गाव चावडीपुढे गोळा झालं.

"कापली कुणी?" तलाठ्यांनी विचारलं.

पुन्हा विचारलं. भाऊसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "राखन भीमराजकडं हुती."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर गंमत. माझं डोकं फिरलं. "सगळ्या गावानं कापली!" मी ओरडले. एकेकाचं नाव घेतलं. कुणाच्या परड्यात अजून ओंडके आहेत तेही सांगितलं. ज्या बायकांबरोबर मी हंडे घेऊन उभी राहते, त्या पदर सारखा करत दुसरीकडे बघायला लागल्या. आमच्या आळीतल्यासुद्धा.

"बाई, तुम्ही गप्प बसा," तलाठी म्हणाले आणि भीमराजकडे वळले. "राखण तुमच्याकडे होती?"

"व्हय."

"झाडं गेली कशी?"

"मला राखता आली न्हाईत," भीमराज म्हणाला. "लिवा."

मी त्याचा दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला आणि सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. भाऊसाहेबांनी तोंड फिरवलं. लोक एकेक करून पांगले.

घरापर्यंत मी त्याला बोलत आले. सगळं गाव चोर आणि तू एकटा फासावर चढायला निघालास, अक्कल आहे का तुला. अहोजाहो करते एरवी, त्या दिवशी नाही केलं. दारात आल्यावर तो म्हणाला, "गावानं कापली म्हनलो आसतो, तर गावाचंच हुतं, गावानंच कापलं, आसं झालं आसतं. मग सहा वर्सं मी तिथं कोन हुतो?"

माझी चीड मात्र गेली नाही, अजूनही आहे.

खटला त्याच्या एकट्यावर लागला. तालुक्याच्या कोर्टात तारखेला आम्ही दोघं एसटीनं जातो. पुकारा झाला की कारकून कागदावरचं वाचतो, नाव, वय, धंदा राखणदार. भीमराज ताठ उभा राहतो आणि हजर म्हणतो. गावात आता त्याला पुन्हा भिम्याच म्हणतात.