दातांवर लक्ष

"त्यांची काळजी नको, त्यांना पोहता येतं. तू दातांवर लक्ष ठेव," सासूबाईंनी मला बजावलं आणि रिकामी बादली हातात दिली.

दात म्हणजे सासऱ्यांची नवीकोरी कवळी. आमचे सासरे टेलर. जन्मभर टाचण्या, दोरे, बटणं तोंडात धरून शिवत आले आणि दर सुट्टीला त्यांचे जुने दोस्त मेकॅनिक काका यांच्या होडीतून मासे पकडायला जात आले. होडी काकांची, आणि आमिष म्हणून गळाला लावायची बोई, ही छोटी मासळी, जिवंत पकडायची ती सासऱ्यांनी. पण दात काढल्यापासून गाडं अडलं. फेकायचं गोल जाळं नीट उघडायला त्याची एक कड दातांत धरावी लागते. दोन खेपा बादली रिकामीच आली, तेव्हा काकांनी चारचौघांत सुनावलं, "पुढच्या वेळी जिवंत बोई आणलीस तर होडीत जागा. नाहीतर माझ्या जावयाला नेतो." तेव्हापासून सासऱ्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

आज ती पुढची वेळ होती. जाळं नव्या दातांत धरायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं. सासऱ्यांनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच डोलावली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खाडीच्या तोंडाशी गुडघाभर पाणी होतं. सासरे म्हणाले, "ते बघ, वारा नाही तरी पाणी थरथरतंय. खाली बोई आहे. सावली पाडू नकोस." मी श्वाससुद्धा जपून घ्यायला लागले. त्यांनी जाळं फेकलं आणि ते पिळलेल्या चादरीसारखं धपकन पडलं. बोई पसार. थोडं पुढे जाऊन पुन्हा फेकलं, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. वळणापलीकडून काकांच्या इंजिनाची फटफट ऐकू यायला लागली होती.

"पोरी, मागे बघ, केवढा खेकडा!"

खेकडाबिकडा काही नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी वळले, आणि जरा जास्तच वेळ वळून राहिले.

सप्पकन आवाज आला. बघते तर जाळं छत्रीसारखं उघडून पाण्यावर बसलेलं! सासरे दोन्ही हात वर करून हसले. त्या हसण्यात एकही दात नव्हता.

"बाबा, दात?"

त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

घाईघाईनं जाळं ओढलं. बोटाएवढाल्या बोयांनी बादली भरून उसळायला लागली, पण कवळी काही दिसेना. तेवढ्यात होडी आलीच. सासऱ्यांनी ओठ गच्च मिटले. काकांना कळलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजारात डंका पिटला असता.

"मिळाली का रे टेलर?"

सासऱ्यांनी बादली पुढे केली.

"वा! अरे, मग बोल की काहीतरी."

सासरे गप्प. झोपेतसुद्धा बडबडणारा हा माणूस! काकांचा चेहरा उतरला. "जावयाचं मनावर घेतलंस होय? अरे, गंमत केली. त्याला होडीत बसलं की उलट्या होतात. तुझ्याशिवाय मला करमतं का तिथं?"

सासऱ्यांनी रुमालानं डोळे टिपले. ते मात्र खरोखरच भरून आले होते.

"बरं बाबा, चुकलं माझं. चल आता."

सासऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि ऐटीत आपल्या जागेवर जाऊन बसले. होडी निघाली.

मी जाळं खळबळायला घेतलं आणि त्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्यांपाशी, सुताला कडकडून चावलेली कवळी सापडली. मी ती उंच धरली. काकांची पाठ माझ्याकडे होती. सासऱ्यांनी पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि घरी ने अशी खूण केली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "दात सांभाळलेस ना?"

मी कवळीची पुरचुंडी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती सोडून आत पाहिलं, मग माझ्यामागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"अगं, आणि हे कुठायत?"

"गेले समुद्रात," मी म्हटलं. "काळजी नको, आई. त्यांना पोहता येतं."