जागृतीचं खारं पाणी

लग्न ठरवण्याआधी मितेशने जागृतीला घरी जेवायला नेलं. जिताडा माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. जेवता जेवता जागृतीने पिशवीतून बाटली काढली आणि घटाघटा प्यायली. मितेशची आई येसूबाई बघतच राहिली.

"कालवण खारट झालं काय गं?"

"नाही मावशी, छान झालंय." जागृती सावरून बसली. हे लपवायचं नाही, असं तिने येतानाच ठरवलं होतं. "आतड्याच्या अस्तरात मिठातलं क्लोराइड आत ओढून घेणाऱ्या वाटा असतात. माझ्या त्या जन्मापासून बंद आहेत. मीठ जुलाबातून निघून जातं, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं हे क्षारांचं पाणी रोज प्यावं लागतं. आयुष्यभर."

"आन् प्यायलं की बरी असतेस ना?"

"एकदम ठणठणीत."

"मग झालं तर! माझं सासर मिठागरवाल्यांचं. मीठ खाणारी सून या घराला जड न्हाय व्हायची."

मितेशला ठसका लागेपर्यंत हसू आलं. जागृतीला आता सपाटून भूक लागली. तिने ताट पुढे केलं.

"मावशी, अजून एक भाकरी वाढा."