मंगलाबाईंची काळी पट्टी

मित्रांनो, मी निकेलची एक जुनी पट्टी आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. हल्ली कपाटात पडून असते, म्हणून जिवाची नुसती तगमग होते.

मध्य प्रदेशची राजधानी नागपूरला होती तेव्हा मी बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेत आले. विज्ञानाच्या मंगलाबाईंनी मला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उभं केलं आणि बॅटरीची तार जोडली. वीज आली की माझ्या अंगाशी पाणी फुटे आणि प्राणवायूचे बुडबुडे नळीत चढत. समोरच्या पट्टीवर हायड्रोजन निघे. पण काम फार मंद! अर्ध्या तासात माझी नळी जेमतेम दोन बोटं भरायची. बाईंना ते पटेना, आणि मला तर मुळीच नाही.

मग बाई त्या पाण्यात लोखंडाच्या गंजाचं पाणी थेंबथेंब घालून पाहू लागल्या. दोन वर्षांत माझ्यावर खरखरीत काळपट थर चढला आणि त्याच बॅटरीवर नळी चार बोटं भरू लागली.

"हा थर म्हणजे उत्प्रेरक," बाई मुलींना सांगत. "स्वतः सरत नाही, पण पाणी फोडायचं काम हलकं करतो."

मी कुरूप झाले होते आणि भलतीच खूश होते.

छप्पन साली राजधानी भोपाळला गेली. नवे तपासनीस येणार असं कळलं. प्रयोगात दम दिसला तर बॅटरी शाळेत राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेत जाणार.

साहेब यायच्या दिवशी सकाळी शाळेच्या सेविका धुरपदाबाईंनी, पाहुणे येणार म्हणून घरची तांब्यापितळेची भांडी घासतात तसं, मला चिंच-राखेने लख्ख घासलं. मी ओरडणार कशी?

"वाह, प्लेट तो चमक रही है!" साहेब म्हणाले. मग त्यांनी नळी पाहिली. दोन बोटं. आठवड्याभरात बॅटरी गेली.

धुरपदाबाई रडायलाच लागल्या. "बाई, मले वाटलं, सायबासमोर काळं कसं ठेवाचं! ते काळं परत चढीन ना?"

"चढलं असतं," मंगलाबाई म्हणाल्या, "बॅटरी असती तर."

तेव्हापासून मी चकाकते आहे. कपाट उघडणारे माझं कौतुक करतात आणि मला ते ऐकवत नाही. मित्रांनो, वापरून काळी पडलेली वस्तू घासण्याआधी जरा विचारा. आणि तिची किंमत ठाऊक असेल, तर ती सगळ्यांना सांगा. मी काळी का, हे मंगलाबाईंनी प्रत्येक वर्गाला समजावलं होतं. मला रोज उचलून ठेवणाऱ्या धुरपदाबाईंना मात्र कुणी कधीच सांगितलं नव्हतं.