यंत्राची खंडेनवमी

सौम्याचं यंत्र म्हणजे माणूसभर उंचीची पोलादी टाकी. पंपांनी आतली हवा इतकी उपसलेली, की आत जवळजवळ काहीच उरू नये. मधोमध टांगलेला निकेलचा तुकडा तापवला, की त्याच्यावर कार्बनचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर चढायचा. कित्येक वर्षं ती त्या थराच्या मागे होती. तिला तो सोन्यासारखा वाटायचा. तिचे मार्गदर्शक गुरुराज सर त्याला मळ म्हणायचे.

"आधी निकेल स्वच्छ करून दाखव, मग प्रबंध," हे त्यांचं ठरलेलं. आता कार्बन निकेलच्या पोटातूनच वर येतो, तो घासून जाणार कसा? हे सरांनाही ठाऊक होतं. पण सौम्या गेली तर यंत्र चालवणार कोण, ही खरी अडचण होती, आणि ती बोलून दाखवायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

तिला जर्मनीत जागा मिळाली होती. अट एकच, डिसेंबरपर्यंत प्रबंध सादर झालेला हवा. ऑक्टोबर उजाडला तरी सर हलेनात. घरी आई, सकवारबाई, वेगळाच सूर लावायची. "सर आपल्यातले, धारवाडचे. घरच्यासारखं बघतात तुला. स्वल्प धीर धर की गं." घरच्यासारखं बघतात हेच तर दुखणं होतं. परक्याशी भांडता तरी येतं.

बंगळुरात खंडेनवमीला रिक्षापासून लेथपर्यंत सगळी यंत्रं झेंडूच्या माळा घालून स्वस्थ बसतात. सरांचा तर दंडकच होता, त्या दिवशी प्रयोगशाळेत एकही बटण चालू राहता कामा नये. पण टाकीचा पंप असा बंद केला तर त्याचं तेल आत शिरतं आणि सगळ्याची वाट लागते. म्हणून सौम्या दर वर्षी दिवे विझवायची आणि शेजारच्या खोलीतला पंप गुपचूप चालू ठेवायची. दुसऱ्या दिवशी यंत्र ठणठणीत बघून सर देवीला हात जोडायचे.

त्या वर्षी, १९९६ साली, कोहळा फुटला, यंत्राला कुंकू लागलं, प्रसाद वाटून झाला. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "सगळं बंद करशील ना गं?"

"करते, सर."

यंत्रच बिघडलं तर सर स्वच्छ निकेल कुठून मागणार? आहे त्या प्रबंधावर सही करावीच लागेल. तिने शेजारच्या खोलीत जाऊन पंप बंद केला आणि पंप आणि टाकीमधली झडप मुद्दाम उघडी ठेवली. घरी जाऊन ती पोटभर जेवली. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच भूक लागली होती.

दसऱ्याला सकाळी सरांनी स्वतः बटण दाबलं. दाबाचा काटा हलेना. काचेतून पाहिलं, तर आत तेलाचा पिवळट तवंग. सौम्या त्यांच्या ओरडण्याची वाट बघत उभी राहिली. त्यांनी हाकलून दिलं असतं तर तिने पेढे वाटले असते.

सर ओरडले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. "देवीच्या मनातच नाही बाळ, तू जावंस," ते म्हणाले. "आता सगळं खोलायचं, धुवायचं, परत उभं करायचं. वर्ष तरी जाईल. आणि तुझ्याशिवाय हे येतंय कोणाला?"

देवी कुठली, मीच केलं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून त्यांनी काय केलं असतं? माफ केलं असतं, घरची म्हणून. सौम्याने पाना उचलला आणि पहिला नट सैल करायला घेतला.