ओबनचा डबा

आमच्या क्रियनलारिखला कुणी येत नाही, सगळे इथून जातात. रस्ते इथे फुटतात, रूळ फुटतात, ग्लासगोहून आलेली गाडीसुद्धा इथल्या फलाटावर दोन तुकडे होऊन निघते. पुढचे डबे ओबनला, मागचे मॅलेगला. तेवढ्या वेळात लोक फलाटावरच्या माझ्या टपरीत चहा ढोसतात, ‘वा, काय डोंगर!’ म्हणतात आणि चालू लागतात. डोंगर कुठे जात नाहीत. मीही नाही.

गुरुवारच्या गाडीने मात्र ग्रिझेल जाणार होती, माझी धाकटी बहीण. आईच्या आजारपणात ती एकदाही फिरकली नाही, म्हणून मी बोलणं टाकलं होतं. ती काय कमी आहे? तिनेही टाकलं. आता ग्लासगोचं घर मोडून ती मॅलेगपलीकडच्या बेटावर, मुलाकडे कायमची निघाली होती. त्यानेच मला फोन केला. मी माडीवरची खोली झाडली, गादी उबेला ठेवली, ओटच्या पोळ्या भाजल्या. एक शब्द बोलली तर आठवडाभर ठेवून घ्यायची. पण पहिला शब्द तिचा. त्या बाबतीत मी हट्टीच.

गाडी आली. ती काही उतरली नाही. मी खिडक्या बघत गेले, तर बाईसाहेब पुढच्या डब्यात ऐसपैस बसलेल्या!

माझा हट्ट गेला चुलीत. मी दारातूनच ओरडले, “अगं ए शहाणे! हा ओबनचा डबा!”

“हो का?” ती सावकाश उठली. “मग आता गं?”

“आता काय, पळ मागे!”

“इना, गुडघे धरलेत माझे. चहा तरी...”

“चहा पीत बसशील आणि गाडी घालवशील. तुझं नेहमीचंच!”

“गेली तर गेली.”

“तर उद्यापर्यंत बसशील इथे बोंबलत!”

मी तिची बॅग हिसकावली, तिला दंडाला धरून फलाटभर पळवलं आणि मागच्या डब्यात कोंबलं. दारात ती माझ्याकडे वळली.

“बरं,” ती म्हणाली. “येते.”

दार लागलं. गाडी वळणाआड गेली. मला धाप लागली होती, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. बोललो तरी एकदाचं.

फलाटावरचा हमाल मर्डो हसत आला. “काय गं, बहिणीला एवढं पळवलंस ते?”

“चुकीच्या डब्यात बसली होती येडी.”

“ग्रिझेल? चल, काहीतरीच! आत्ताच गार्ड सांगत होता, ग्लासगोला दोन बायका चुकत होत्या, त्यांना तिनेच मॅलेगच्या डब्यात बसवलं. आणि मग स्वतः पुढे जाऊन बसली.”

म्हणजे डबा कुठला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिला राहायचं होतं. आणि मी तिची बॅग माझ्या हातांनी गाडीत टाकली होती.